पांढरीची माती

चैत्र निम्मा सरला की अंकुशचा फोन येतो. एरवी आम्ही बहीणभाऊ बोलतो ते सणावारी, नाहीतर याडीच्या गोळ्या संपल्या की. याडी म्हणजे आमच्या गोरबोलीत आई. यवतमाळला शाळेत शिकवायला लागल्यावर मी तिला काही दिवस ‘आई’ अशी हाक मारून पाहिली, तर तिनं ओच दिली नाही. पण चैत्रातला फोन वेगळा असतो. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटून झालेली असते, वावर उघडं पडलेलं असतं आणि अंकुशला मातीची घाई लागलेली असते.

“बाई, औंदा माती आनून टाकतो,” तो म्हणाला. “लोकाईनं सारं टेकाड खरडून नेलं. आता मोहाच्या बुडाशी तेवढी राह्यली. ते खोदकामवाल्याईनं खोदून मंग बुजवलं नव्हतं का, तेच. लय भुसभुशीत हाय तिथं.”

“तिथं हात लावू नको. मी येते.”

“काहून?”

“येते म्हटलं ना.”

फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते. लाज वाटली की माझे आधी कान तापतात, लहानपणापासून. त्या बुजवलेल्या खड्ड्यात काय आहे ते आमच्या घरात आता दोघींनाच ठाऊक आहे, याडीला आणि मला. तिथे आमचा मोठा भाऊ आहे. मी त्याला पाहिलेलं नाही. तो माझ्या आधी जन्मला आणि नाव ठेवायच्या आतच गेला. तो तिथे कसा पोचला, हे अंकुशला कधी सांगितलं नाही, कारण ते सांगायचं तर बाकीचंही सगळं सांगावं लागतं.

दारव्ह्याहून जीपनं आमच्या तांड्याकडे निघालं की डाव्या हाताला ही टेकडी लागते. परक्या माणसाला तिच्यात पाहण्यासारखं काहीच दिसत नाही. वर गेलं तर सपाट माथा, कडेकडेनं मातीचा उंचवटा, मधे एक मोहाचं झाड. हा उंचवटा म्हणजे तट आहे, माथ्यावर एक अख्खं शहर होतं, सातवाहन राजांच्या काळात ते नांदतं होतं आणि त्याच्याही खाली आणखी जुनी वस्ती आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आम्हाला एवढंच माहीत होतं की वरची माती पांढरी आहे. जिथे माणसं पिढ्यानपिढ्या राहिली, चुली पेटवल्या, गुरं बांधली, जिथे घरं पडली आणि त्यांच्यावरच पुन्हा घरं उभी राहिली, तिथली माती पांढुरकी होते. ती वावरात टाकली की पऱ्हाटी मांडीएवढी असते ती कमरेला लागते. शेणखत विकत घ्यावं लागतं, ही माती फुकट. मग कोण सोडतो?

माझ्या लहानपणाचा उन्हाळा म्हणजे ही माती. सकाळी ऊन चढायच्या आत बापू बंडी जुंपायचे. मी मागे पाय लोंबकळत सोडून बसायची. चढणीवर बैल थांबले की बापू त्यांच्याशी गोरबोलीत गोड बोलायचे, आमच्याशी कधी बोलायचे नाहीत इतकं गोड. वर पळस फुलून संपलेला असायचा, मोहाखाली सडा पडलेला असायचा आणि त्याचा तो आंबूस गोड वास नाकात जाऊन बसायचा. बापू आणि आणखी चार-दोन जण टेकडीचं अंग सब्बलीनं खणायचे. खणलेल्या भिंतीत पट्टे दिसायचे, एक राखेचा, एक तांबूस, मग पुन्हा राखेचा. मला ते याडीच्या घागऱ्याच्या घेरासारखे वाटायचे. खापरं निघाली की बापू ती पावड्याच्या मागच्या बाजूनं फोडून बारीक करायचे, वखराच्या पासेला लागू नयेत म्हणून. अख्खं मडकं निघालं तर तेही फोडायचे. आतून कधी राख सांडायची, कधी पांढरट काहीतरी. मातीच ती. बंडीत भरायची आणि निघायचं.

आम्ही पोरी मणी शोधायचो. लाल दगडाचे, आरपार भोक पडलेले. ते दोऱ्यात ओवून बाहुलीच्या गळ्यात घालायचो आणि मोठ्या विटांचं बाहुलीचं घर करायचो. तशा हातभर लांबीच्या विटा तांड्यात घरोघरी होत्या. तांड्याचा मुखिया म्हणजे नायक, त्याच्या विहिरीचा काठ त्यांचा, देवळाचा ओटा त्यांचा, आमच्या चुलीच्या दोन्ही बाजू त्यांच्या. सहावीच्या वर्गाला मी प्राचीन शहरं शिकवते तेव्हा पुस्तकातली दूरदूरची चित्रं दाखवते. पोरं तन्मयतेनं पाहतात. ज्या चुलीवर मी वाढले ती तसल्याच एका शहराच्या विटांची होती, हे मी त्यांना सांगत नाही. मग ते शहर कुठे आहे असं एखादं पोरगं नक्की विचारेल आणि मला खरं उत्तर द्यावं लागेल, ते आम्ही कापसाला घातलं.

त्याच टेकडीच्या उतारावर तांड्यातली तान्ही लेकरं पुरायची रीत होती. मोठं माणूस गेलं तर त्याला जाळतात. दुधाचं लेकरू मातीत ठेवतात. बाकी सगळी जमीन काळी, चिकट, उन्हाळ्यात दगडासारखी. पांढरी मऊ. आयांनीच तसा आग्रह धरला असेल. आमच्या भावालाही तिथेच ठेवलं होतं आणि खुणेला एक उभी वीट रोवली होती. हे मला नंतर कळलं. लहानपणी मला फक्त याडीची एक विचित्र सवय ठाऊक होती. कापूस वेचायला गेलं की ती धुऱ्यालगतचा, म्हणजे बांधाकडेचा, एक पट्टा सोडून द्यायची. तिथली बोंडं फुटून खाली लोंबायची, गळायची, पण ती ओटी घेऊन त्या पट्ट्यात कधी शिरली नाही. “तिकडं साप असते,” म्हणायची. बापू हसायचे आणि मजूर बायांकडून तो पट्टा वेचून घ्यायचे. त्या बायांना साप चावत नव्हता, हे आम्ही कधी मनावर घेतलं नाही.

मी दहावीला होते त्या वर्षी संक्रांतीनंतर खोदकामाची माणसं आली. कुठल्याशा विद्यापीठाची होती. एक मॅडम, काही विद्यार्थी, तंबू, चाळण्या, दोऱ्या. मोहाच्या बुडाशी त्यांनी दोऱ्या बांधून एक चौकोनी खड्डा आखला आणि तांड्यातली माणसं कामाला घेतली. बापू पहिल्याच दिवशी गेले. दिवसभर सब्बल मारणाऱ्या माणसाच्या हातात त्यांनी ब्रश दिला. संध्याकाळी घरी येऊन ते याडीला सांगायचे, “आज आमी दिवसभर जमीन झाडली,” आणि दोघं हसून लोटपोट व्हायची. माझा अभ्यास चालू होता तरी मी रोज दुपारी डबा घेऊन वर जायची. मुख्य कारण त्या विद्यार्थिनींच्या टोप्या आणि गॉगल. डब्यातली जवारीची भाकर त्या मागून घ्यायच्या, तेव्हा मला फार थोर वाटायचं.

मॅडम चांगल्या होत्या. खड्ड्याच्या काठावर बसून त्या सगळ्यांना समजावून सांगायच्या. हा राखेचा थर म्हणजे आग लागली असेल, हा चोपलेला थर म्हणजे घराची जमीन. इथून व्यापाराची वाट जात असणार, बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून आणणाऱ्यांच्या जिवावर असं शहर उभं राहतं, असंही त्या म्हणाल्या. बापूंची छाती फुगली. आमचे वाडवडील लदेणीचेच, बैलांच्या पाठीवर माल लादून देशभर हिंडणारे. ते या शहराच्या कितीतरी शतकांनंतरचे, पण काम तेच. “म्हन्जे आमच्यासारख्याईनंच हे गाव पोसलं,” बापू म्हणाले. मॅडम म्हणाल्या, “तसंच म्हणा ना.” त्या रात्री बापू दोन भाकरी जास्त जेवले. मला अजून ते आठवून वाईट वाटतं. दुसऱ्या कोणी पोसलेलं शहर आम्ही बंडीत लादून नेत होतो आणि पोसल्याचा मान घेत होतो.

मग एक दिवस खड्ड्याच्या तळाशी, चोपलेल्या जमिनीखाली, एक मडकं लागलं. आडवं, तोंडाला तोंड लावून दुसरं मडकं बसवलेलं. मॅडमनी सगळ्यांना मागे सरायला सांगितलं आणि स्वतः हलक्या हातानं माती काढली. मी काठावर होते, डबा हातात. आत हाडं होती, चिमणीच्या हाडांएवढी. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “बाळ आहे. घरातलं लेकरू गेलं की ते लोक त्याला बाहेर नेत नसत. घरातच, आपल्या पायांखाली ठेवत. जवळ राहावं म्हणून असेल.”

तांड्यातल्या सगळ्या माणसांनी ते मडकं ओळखलं होतं. तसली मडकी आम्ही वर्षानुवर्षं पावड्याच्या मागच्या बाजूनं फोडली होती. मी बापूंकडे पाहिलं. ते मडक्याकडे बघतच नव्हते. ते उताराकडे बघत होते, जिथून आमच्या बंडीनं माती नेली होती. ब्रश तसाच खाली ठेवून ते तिकडे गेले आणि वाकून वाकून काहीतरी शोधू लागले. जिथे वीट रोवली होती तिथे जमीनच नव्हती. खणता खणता आमची खाण ती जागा ओलांडून केव्हाच पुढे गेली होती.

घरी आल्यावर ते ओट्यावर बसले आणि पाणीसुद्धा प्याले नाहीत. याडी चुलीपाशी होती. मी पुस्तक उघडून बसले होते. बापू म्हणाले, “वीट नाही तिथं.”

याडीनं भाकर उलटली. “मले मालूम हाय.”

“कवापासून?”

“हे पोरगी झाली,” ती माझ्याकडे मान करून म्हणाली. “ते झाली त्याच्याच उन्हाळ्यात. मी पाहाले गेलती. त्या सालची माती कोनत्या पट्ट्यात पडली, ते बी मी पाह्यलं.”

“मंग बोलली काहून नाही?”

“बोलून काय केलं असतं तुमी? मातीतून मानूस निवडता येते का?”

तिचा आवाज चढला नाही. बापूंनी तोंडावर उपरणं ओढलं. मी पुस्तकात बघत राहिले आणि मला कळलं की साप वगैरे काही नव्हता. त्या पट्ट्यातला कापूस बाकीच्या कापसाबरोबरच विकला गेला होता. माझी पुस्तकं, माझी फी, अंगावरचा युनिफॉर्म सगळं त्याच वावरातून आलं होतं. मला शरम वाटली, इतकी की अंगातले कपडे टोचायला लागले. यात माझा काय दोष, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारून पाहिलं आहे. दोष नाहीच. पण दोष नसला की शरम कमी होते, असा माझा अनुभव नाही.

लगेच होळी आली. आमच्यात होळीला धबुकार घालतात. निखाऱ्यांवर तूप-गुळाच्या लापशीचा घास ठेवायचा आणि गेलेल्यांची नावं घ्यायची. बापूंनी आजा, पणजा, त्याच्या मागचे, सगळ्यांची नावं घेतली. घास चरचरून पेटत गेले. मग त्यांनी आणखी एक घास हातात घेतला आणि त्यांना नावच सुचेना. लेकराला नाव नव्हतं. वरच्या शहरातल्या लेकरांची नावं तर कुणालाच ठाऊक नाहीत. हात तसाच धरून ते बसून राहिले, तूप मनगटावरून ओघळलं. शेवटी नुसते “घ्या रे,” म्हणाले आणि घास निखाऱ्यांवर ठेवला. बाहेर पोरं डफ वाजवत लेंगी, म्हणजे होळीची गाणी, म्हणत होती. त्या वर्षी मी बाहेर गेले नाही.

आता तांड्यानं जे केलं ते सांगायला हवं. दारव्ह्याच्या बाजाराच्या दिवशी मॅडम आणि सगळे विद्यार्थी भाजीपाला आणायला गेले होते. खड्ड्याशेजारी चाळून झालेल्या मातीचा मोठा ढीग होता. काम संपलं की खड्डा त्याच मातीनं बुजवायचा, म्हणजे पुढच्या पिढीतल्या कोणाला खणायचं झालं तर सगळं जागच्या जागी मिळेल, अशी त्यांची पद्धत. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या दृष्टीनं तो ढीग म्हणजे चाळलेली, खडा न खापर अशी, जन्मात पाहिली नाही इतकी सुरेख पांढरी, आणि त्यांच्या दृष्टीनं नक्कीच कचरा. सगळा तांडा बंड्या घेऊन वर गेला. बाया टोपली घेऊन गेल्या. हसत-खेळत, दुपारच्या आत, ढीग साफ. वरून जागा खराट्यानं झाडून घेतली. मॅडम भाजीची पिशवी घेऊन जीपमधून उतरल्या तेव्हा नायक मोठ्या कौतुकानं पुढे झाला. “मॅडम, तुमचा पसारा सारा उचलून देल्ला आमी. काई देनं-घेनं नाही.”

मॅडम पिशवी धरून उभ्याच राहिल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “बरं,” आणि तंबूत गेल्या.

आपलं काहीतरी चुकलं एवढंच तांड्याला कळलं, काय चुकलं ते नाही. बापू तेवढे त्या ढिगाला गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी बंडी जुंपली ती वावराकडे. धुऱ्यालगतच्या त्या पट्ट्यातली माती त्यांनी खरवडून खरवडून बंडीत भरली आणि चढण चढून वर नेली. याडी बंडीमागून चालत होती. एवढ्या वर्षांत ती त्या पट्ट्यात पहिल्यांदाच शिरली होती. ती हातानं माती गोळा करत होती, पावड्यानं नाही. मॅडमनी खड्ड्याच्या तळाशी खूण म्हणून प्लास्टिक अंथरलं आणि त्यावर आमच्या वावरातली माती पडली. त्यांनी बापूंना विचारलं, “राठोडभाऊ, तुम्ही कशाला? ढीग तर बाकीच्यांनी नेला.”

“आमची बी व्हती थोडी,” बापू म्हणाले.

ती माणसं पुन्हा आली नाहीत. मॅडम पुढच्या हंगामाला येऊ म्हणाल्या होत्या, जमलं नसेल. बापू गेले. टेकडीवर तेव्हापासून एक फलकसुद्धा लागला नाही. आता बंडीऐवजी टिप्पर आहेत, सब्बलीऐवजी जेसीबी. जे तीन पिढ्यांत झालं नसतं ते दोन उन्हाळ्यांत झालं.

फोननंतरच्या रविवारी मी तांड्यावर गेले. चढताना टेकडी ओळखू येईना. तट एका बाजूनं पूर्ण गेला होता. ते पट्टे आता नुसते उघडे उभे होते, घराएवढ्या उंचीचे, आणि त्यांतून खापरं बाहेर आलेली. एक मडकं अर्धं कापलेलं होतं. मी त्याच्या आत पाहिलं नाही. माथ्यावर मोहाचं झाड तेवढं जागच्या जागी होतं. त्याच्या बुडाशी याडी बसली होती, अंकुश शेजारी, डोकं खाली घालून. तिनं त्याला सगळं सांगून टाकलेलं दिसलं.

“मले कोनी सांगतलं काहून नाही?” तो माझ्यावर चिडला. “मी तं आनून टाकली असती ना माती.”

मी म्हटलं, “लाज वाटली.”

तेवढ्यात जेसीबी वर आला. शेजारच्या गावातल्या एकाचा होता, ओळखीचा, भला माणूस. याडीला दवाखान्यात न्यायला त्यानं एकदा आपली गाडी दिली होती. मशीन थेट मोहाकडे आलं. याडी उठली नाही. अंकुशनं हात केला, तसं त्यानं मशीन बंद करून खाली उडी मारली.

“काय झालं मावशी?”

“इथं नको रे, बाबू,” याडी म्हणाली. “माहं लेकरू हाय इथं.”

त्या माणसानं चटकन पायातल्या चपला काढल्या. जमिनीला हात लावून कपाळाला लावला. “मले मालूम नव्हतं, मावशी. चुकलं. इथं नाही लावत हात, कोनालेच लावू देत नाही.” तो खरंच कळवळून बोलला. मग त्यानं चपला घातल्या आणि मशीनवर चढला. मशीन मागे घेतलं, वळवलं, मोहापासून चांगलं लांब नेलं आणि दात जमिनीला टेकवून थांबवलं. तिथून त्यानं मान काढून विचारलं, अदबीनं, खरोखर अदबीनं, “बाई, इकडं तुमचं आनखी कोनी नाही ना?”

याडीनं माझ्याकडे पाहिलं. अंकुशनंही पाहिलं. घरात शिकलेली मीच. पायांखाली कोण आहे, त्यांना कुठे आणि कशासाठी जवळ ठेवलं होतं, हे मॅडमच्या तोंडून ऐकलेली तिथे मीच होते. कान तापले.

“नाही,” मी म्हणाले. “आमचं नाही कोणी.”